विद्यापीठाची वेबसाइट आणि सोशल मीडिया: सुरुवात परीक्षा विभागाच्या खिडकीपासून करा

प्रश्न थोडक्यात असा: मी राज्यातल्या एका सरकारी, संलग्न महाविद्यालयं असलेल्या विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहे. विभागाचं काम सांभाळून ‘संकेतस्थळ समन्वयक’ हा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला आहे. जुनी वेबसाइट बदलायची आहे. एका एजन्सीनं वेबसाइट आणि सोशल मीडिया मिळून एकच प्रस्ताव दिला आहे: नवं डिझाइन, रोज दोन पोस्ट, आठवड्याला तीन रील, वर्षअखेर एक लाख फॉलोअर. पैसे मर्यादित आहेत. प्रस्ताव घ्यावा का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

प्रस्ताव आहे तसा घेऊ नका. वेबसाइट आणि सोशल मीडिया यांची कंत्राटं वेगळी काढा. दुसरं सहा महिने उशिरा निघालं तरी काही बिघडत नाही, पण पहिलं फसलं तर दुसऱ्यावर घातलेला पैसा वायाच जातो.

आज एक काम करा. विद्यापीठाच्या इन्स्टाग्राम पानावर जा आणि पोस्ट सोडून फक्त कमेंट वाचा. वर योग दिनाचा फोटो असो की मा. कुलगुरूंच्या हस्ते कसलं तरी उद्घाटन असो, खाली तेच: ‘सर रिझल्ट कधी?’, ‘सेम ५ चं रिव्हॅल लागलं का?’, ‘पैसे कट झाले पण फॉर्म सबमिट दाखवत नाही’, ‘हॉल तिकिटावर नाव चुकलंय, कोणाला भेटू?’ अशा शे-दोनशे कमेंट उतरवून घ्या आणि विषयवार लावा. नव्या वेबसाइटचा मेनू तुमच्या हातात येईल. सल्लागार याच कामाचे पैसे घेतात. मी स्वतः तोच धंदा करतो, म्हणून सांगतोय.

खासगी विद्यापीठाला दरवर्षी विद्यार्थी शोधून आणावे लागतात. त्यामुळे तिथलं होमपेज म्हणजे प्रवेशाची जाहिरात असते, आणि एजन्सीनं तुम्हाला दाखवलेले नमुने बहुतेक तिथलेच असणार. तुमच्याकडचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारातून आधीच आत आलेला आहे. तालुक्याच्या गावी बीए करणारी मुलगी तीन वर्षांत विद्यापीठाच्या आवारात पाऊलही ठेवत नाही. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचंच बघा: सिरोंच्याचा विद्यार्थी मुख्यालयापासून दोनशेच्या आसपास किलोमीटर लांब. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे मोबाइलवर उघडणारी (किंवा न उघडणारी) वेबसाइट आणि परीक्षा विभागाची खिडकी. फॉर्म भरताना त्याला जो अनुभव येतो, तेच तुमचं मार्केटिंग. त्यावर कितीही सुंदर ड्रोन व्हिडिओ चढवला तरी कमेंट बदलणार नाहीत.

म्हणून पहिले पैसे पाच-सहा कामांवर घाला: परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, वेळापत्रक, निकाल, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन, आणि दाखले म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, मायग्रेशन, पदवी प्रमाणपत्र. अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या पाठोपाठ. कुलगुरूंचं मनोगत, फोटोंचा सरकता पट्टा आणि लुकलुकणारं ‘न्यू’ हे सगळं खाली जाऊ द्या. यावर सुरुवातीला थोडी नाराजी होईल. कमेंटची ती यादी तेव्हा बैठकीत पुढे ठेवा, मी सांगण्यापेक्षा ती जास्त बोलते.

‘पैसे कट झाले’ या तक्रारीवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तिथे आहे आणि वेबसाइटचं टेंडर लिहिताना ती कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. होतं असं: विद्यार्थी फॉर्म भरतो, फी भरायला यूपीआय ॲपमध्ये जातो, बँक पैसे वळते करते. आता फोननं परत ब्राउझरवर येऊन ‘पैसे भरले’ हे विद्यापीठाच्या सर्व्हरला सांगायचं असतं. एसटीत बसलेल्या पोराचं नेटवर्क नेमकं तेव्हा जातं, किंवा स्वस्त फोन मेमरी कमी पडली म्हणून ब्राउझरचं पानच बंद करतो. बँकेकडे पैसे गेले, विद्यापीठाला पत्ता नाही. मुदत रात्री बारापर्यंत, विलंब शुल्काची धास्ती, म्हणून पोरगं दुसऱ्यांदा पैसे भरतं. मग परताव्याचा अर्ज, लेखा विभागाकडे हेलपाटे, आणि इन्स्टाग्रामवर ती कमेंट.

याचा उपाय अवघड नाही, पण तो करारात लिहावा लागतो. पेमेंट गेटवेच्या (म्हणजे ऑनलाइन फी स्वीकारणाऱ्या मधल्या सेवेच्या) सर्व्हरनं तुमच्या सर्व्हरला थेट कळवलं पाहिजे. विद्यार्थ्याच्या फोनवर अवलंबून राहायचं नाही. याला वेबहुक म्हणतात. शिवाय अर्धवट राहिलेल्या प्रत्येक व्यवहाराची स्थिती दर काही मिनिटांनी गेटवेला विचारणारी सोय हवी. उत्तर पक्कं येईपर्यंत पुन्हा पैसे भरण्याचं बटण दाखवायचं नाही. त्या जागी साध्या मराठीत लिहायचं: ‘तुमच्या पेमेंटची खात्री करतो आहोत. दुसऱ्यांदा भरू नका. खात्री होण्याआधी मुदत संपली तरी विलंब शुल्क लागणार नाही.’ हे शेवटचं वाक्य लिहायला परीक्षा नियंत्रक आणि वित्त व लेखा अधिकारी या दोघांची संमती लागेल. ती मिळवणं हे तुमचं काम. प्रोग्रामरच्या हातात ते नाही. लेखा विभागानं गेटवेचा अहवाल रोजच्या रोज ताडून पाहायचा, हेही लिहून घ्या.

वेबसाइटची दुसरी कसोटी निकालाच्या दिवशी. साइट बसते ती माणसं जास्त आली म्हणून, असं म्हणतात. खरं तर प्रत्येक क्लिकला सर्व्हर डेटाबेसमधून निकाल शोधून पान नव्यानं घडवत असतो, म्हणून ती बसते. जाहीर झालेला निकाल काही दर मिनिटाला बदलत नाही. आदल्या रात्रीच प्रत्येकाचं छोटं तयार पान बनवून ठेवा आणि सीडीएनवरून (ठिकठिकाणच्या सर्व्हरवर तयार प्रती ठेवून पान देणाऱ्या सेवेवरून) द्या. निकालाचा सर्व्हर मुख्य साइटपासून वेगळा ठेवा, म्हणजे निकालाच्या गर्दीत परीक्षा फॉर्म बंद पडणार नाहीत. जमलं तर विद्याशाखांचे निकाल वेगवेगळ्या वेळी सोडा आणि वेळ नेमकी सांगा. ‘आज सायंकाळपर्यंत’ म्हटलं की हजारो पोरं दुपारी बारापासून रिफ्रेश मारत बसतात. नुसत्या पीआरएनवर (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकावर) निकाल उघडू देऊ नका. एकेक आकडा वाढवत कुणीही अख्ख्या वर्गाचे गुण उतरवून घेईल. पीआरएनसोबत आईचं नाव विचारायची आपल्याकडची पद्धत काही भक्कम कुलूप नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. लॉगिन असेल तर उत्तम.

मात्र यंत्रणा विकत घेतली म्हणजे निकाल वेळेत लागतो, असा कुणाचा समज असेल तर २०१७ आठवा. मुंबई विद्यापीठानं ऑनस्क्रीन मूल्यांकन, म्हणजे स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासणं, घाईनं आणलं, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि प्रकरण कुलगुरूंना पदावरून दूर करण्यापर्यंत गेलं. सॉफ्टवेअर होतंच; प्राध्यापकांची तयारी, स्कॅनिंगची व्यवस्था आणि वेळ यांचा मेळ नव्हता.

आता परिपत्रकं. सध्या काय चालतं ते तुम्हाला माहीत आहेच: विभाग परिपत्रक टाइप करतो, प्रिंट काढतो, सही-शिक्का होतो, जावक क्रमांक पडतो, मग ते स्कॅन होऊन किंचित तिरकं वेबसाइटवर चढतं. ती फक्त प्रतिमा असते. गुगलला त्यातली अक्षरं नीट ओळखता येतीलच असं नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला) ते वाचता येत नाही, आणि फोनवर वाचायला दोन बोटांनी ताणत बसावं लागतं. काही विभाग स्कॅन न करता थेट पीडीएफ देतात, पण मूळ टाइपिंग श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसतं, कॉपी करून बघितलं तर रोमन अक्षरांचा कचरा. म्हणून डिझाइनवर पैसे घालण्याआधी प्रत्येक विभागातल्या लिपिकांना युनिकोडवर (कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच राहते अशा टाइपिंगवर) आणा. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, मराठी कळफलक (इन्स्क्रिप्ट) येत नसेल तर रोमनमधून मराठी टाइप करायचं साधन, आणि जुन्या फाइलींसाठी फॉन्ट रूपांतरक. डेव्हलपरला सांगा की मराठी पानांची भाषा कोडमध्ये मराठी म्हणूनच नोंदवायची. मग स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडतो आणि नोटोसारखा फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतो. बारीक गोष्ट आहे, पण हिंदी वळणाचा ‘ल’ बघून आपल्याकडे परकं वाटतंच.

सही-शिक्क्याची प्रत हवीच, ती जोडा. पण तिच्याआधी पानावर मजकूर हवा. नमुना बघा. परिपत्रकात असतं: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, पुनर्मूल्यांकनाबाबतची आवेदनपत्रे विहित नमुन्यात व विहित मुदतीत सादर करणेबाबत संबंधितांना अवगत करण्यात यावे.’ पानावर लिहा: ‘पुनर्मूल्यांकन हवं आहे? आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती मिळाल्यावर तुमच्या लॉगिनमधून अर्ज करा. शेवटची तारीख ही, फी प्रत्येक विषयाला इतकी, कॉलेजमध्ये काहीही जमा करायचं नाही.’ (तुमच्याकडे नियम वेगळा असेल तर तसा लिहा.) हा मजकूर वेबसाइट कक्षानं आपल्या मनानं लिहू नये. विभागाच्या ज्या कर्मचाऱ्याला खिडकीवर हाच प्रश्न दिवसातून पन्नासदा विचारला जातो, त्याला शेजारी बसवून लिहा. प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची तारीख आणि जबाबदार विभाग. नाव नको, पद पुरे; बदली होते.

शोधाबद्दल दोन गोष्टी. विद्यार्थी निकाल शोधतो तेव्हा तुमच्या साइटच्या वर जाहिरातींनी बुजबुजलेल्या तिसऱ्याच साइट दिसतात. त्यांनी काही जादू केलेली नसते. त्यांच्या पानाला ‘बीकॉम सेमिस्टर ५ निकाल’ असा शीर्षक मजकूर असतो आणि तुमच्या पानाचं शीर्षक ‘होम’. दुसरं म्हणजे नावं. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ चा, जळगावचं विद्यापीठ २०१८ पासून बहिणाबाईंच्या नावानं आहे. तरी लोक ‘पुणे युनिव्हर्सिटी’, ‘बामू’, ‘एनएमयू’ असंच टाइप करतात, आणि तेही बहुतेकदा रोमन लिपीत. अधिकृत नाव पूर्ण आणि सन्मानानं द्याच, पण पानाच्या वर्णनात जुनं नाव आणि लघुरूपही दोन्ही लिप्यांत असू द्या. सत्राचं नावही हॉल तिकिटावर छापतात तेच वापरा. कुठे ‘हिवाळी’ म्हणतात, कुठे ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’.

नवी साइट चढवताना एक खड्डा हमखास लागतो, आणि तो एजन्सीला माहीत नसतो. विद्यापीठांना मानांकन देणाऱ्या नॅककडे जाणाऱ्या स्वयंमूल्यांकन अहवालात आणि दरवर्षीच्या एक्यूएआर या गुणवत्ता अहवालात पुराव्यांच्या शेकडो लिंक तुमच्याच वेबसाइटच्या असतात. रचना बदलली की त्या सगळ्या मरतात, आणि पडताळणी करणाऱ्याला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसतं. साइट बदलण्याआधी आयक्यूएसीकडून (विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडून) त्या लिंकची पूर्ण यादी घ्या, जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं वळण लावणं करारात टाका, आणि यादी तपासून झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली स्वतःहून जाहीर करायची माहिती आणि यूजीसीनं मागितलेलं प्रकटीकरण हेही याच वेळी एका जागी आणा.

करारात आणखी काय? डोमेनची (वेबसाइटच्या पत्त्याची) नोंदणी कुलसचिव कार्यालयाच्या ईमेलवर हवी, विक्रेत्याच्या नाही. एसी डॉट इन डोमेन अर्नेट इंडियाकडून मिळतं. त्याचं लॉगिन कोणाकडे आहे ते आजच शोधा, उत्तर ऐकून धक्का बसण्याची शक्यता आहे. साइटवरचा मजकूर सांभाळायची प्रणाली (सीएमएस) म्हणून वर्डप्रेस किंवा ड्रुपल यांपैकी काहीही चालेल. विक्रेत्याची ‘स्वतःची सीएमएस’ मात्र नको, कारण तो गेला की साइट अनाथ होते. दिव्यांगांनाही साइट वापरता यावी म्हणून सरकारी वेबसाइटसाठीची केंद्राची जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वं आणि डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय मानकाची ‘एए’ पातळी ही अट घाला; फिकट राखाडी अक्षरं तिथेच बाद होतात. वेगाची अट मोजता येईल अशी लिहा: मोबाइलवर मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. सुरक्षा तपासणी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून, आणि एकदाच नाही, दरवर्षी. ती का लागते हे बघायचं असेल तर गुगलमध्ये फक्त तुमच्या डोमेनपुरता शोध लावून पुढे ‘रमी’ किंवा ‘कॅसिनो’ टाका. शैक्षणिक संस्थांच्या जुन्या, दुर्लक्षित साइटमध्ये जुगाराची पानं घुसवणं हा चालता धंदा आहे.

गुगलवर हा शोध घेताना त्याच वेळी साइटवरच्या गुणवत्ता याद्याही शोधा. नाव, प्रवर्ग, जन्मतारीख, मोबाइल नंबर असलेल्या जुन्या पीडीएफ वर्षानुवर्षं उघड्या पडलेल्या असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. कायद्याची वाट न बघताही त्या पीडीएफ काढायलाच हव्यात. यादीत अर्ज क्रमांक आणि गुण पुरतात.

एवढं झालं की सोशल मीडिया सोपा होतो, कारण पोस्टला न्यायला जागा असते. तिथलं पहिलं काम माझ्या मते अफवा थोपवणं. जुलैत पाऊस जोराचा लागला की व्हॉट्सॲपवर ‘उद्याचे सर्व पेपर पुढे ढकलले’ असं पत्र फिरतं, कधी खरं, कधी मागच्या वर्षीचं तारीख खोडून बदललेलं. खुलासा करणारी पोस्ट नेहमी उशिरा पोचते. त्याऐवजी वेबसाइटवर ‘परीक्षेतील बदल’ असं एकच कायमचं पान ठेवा. नवीन नोंद वर, तारीख आणि वेळेसह. बदल नसेल तेव्हाही ‘आज सायंकाळी सहापर्यंत कोणताही बदल नाही’ असं लिहा. प्रत्येक परिपत्रकावर त्या पानाचा क्यूआर कोड छापा. व्हॉट्सॲप चॅनल काढा, तिथे फक्त परीक्षा आणि निकाल. जयंती-पुण्यतिथीच्या प्रतिमा तिथे टाकल्या की पोरं म्यूट करतात आणि मग खरी सूचनाही हुकते. त्या फेसबुकवर टाका, तिथे पालक आणि जुने विद्यार्थी त्यांना मान देतात.

यूट्यूबवर साधे व्हिडिओ: मोबाइलचा पडदा रेकॉर्ड करून ‘परीक्षा फॉर्म कसा भरायचा’, ‘एबीसी आयडी (क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) कसा जोडायचा’, ‘एटीकेटी राहिलेल्यांनी कोणता फॉर्म निवडायचा’. नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनर आणि क्रेडिटच्या घोळावर चार मिनिटांचा मराठी व्हिडिओ केलात तर तो कुठल्याही ड्रोन शूटपेक्षा जास्त पाहिला जाईल. निवेदक प्रमाणभाषेतच बोलला पाहिजे असं नाही. जळगावकडच्या पोराला त्याच्या बोलीतला मुलगा सांगताना ऐकला की पटकन पोचतं.

हे करणार कोण? ‘कमवा आणि शिका’ योजनेत बागकाम आणि ग्रंथालय यांच्या जोडीला हे काम घाला. पत्रकारितेचे दोन-तीन विद्यार्थी, एक जण कॉम्प्युटर सायन्सचा. कमेंटना उत्तर द्यायला त्यांना तयार उत्तरांचा संच द्या आणि एक नियम: पीआरएन, फोन नंबर कमेंटमध्ये मागायचे नाहीत, विद्यार्थ्यानं स्वतः टाकले तर ती कमेंट लपवायची. उत्तर माहीत नसेल तर ‘विचारून सांगतो’ लिहायचं आणि खरंच विचारायचं. परीक्षा विभागातला एक अधिकारी रोज अर्धा तास या पोरांना उपलब्ध हवा. हा आदेश निघाला नाही तर बाकी सगळं कागदावर राहील.

खरं मार्केटिंग म्हणावं असं एकच क्षेत्र तुमच्याकडे आहे: परिसरातले पदव्युत्तर विभाग. भूशास्त्र, संख्याशास्त्र, भाषा यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि संलग्न महाविद्यालयातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ते विभाग आहेत हेच माहीत नसतं. जाहिरात जूनमध्ये देऊन उपयोग नाही, तोवर पोरांनी कुठे जायचं ते ठरवलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत सुरू करा. प्रत्येक विभागाचं एक पान: काय शिकाल, फी किती, वसतिगृह मिळतं का, मागची बॅच कुठे आहे. शेवटचं खरं लिहा. बॅचमधले चार जण एमपीएससीचा अभ्यास करत असतील तर तेही लिहा. प्रयोगशाळेतल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांच्या रील इथे शोभतात. पैसे देऊन जाहिरात करायची तर जिल्हे निवडा, वय अठराच्या पुढचं ठेवा, कारण अठराखालच्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यावर वर सांगितलेल्या डेटा संरक्षण कायद्यात बंधन आहे.

यश फॉलोअरवर मोजू नका, ते विकत मिळतात. चौकशी खिडकीवरचे फोन, दुबार भरलेल्या फीचे परताव्याचे अर्ज, सुरू होऊन अर्धवट राहिलेले फॉर्म, साइटच्या शोधचौकटीत टाइप होऊनही काही न सापडलेले शब्द: हे आकडे दर महिन्याला काढा. आत्ताचे आकडे काम सुरू होण्याआधीच नोंदवून ठेवा, नाहीतर पुढे तुलनेला काही उरत नाही.

एजन्सीला लगेच नाही म्हणू नका. त्यांना एकच विचारा: मागच्या कामात निकालाच्या दिवशी साइट किती वेळ बंद होती आणि त्या वेळी तुमचा कोण माणूस फोनवर होता? उत्तर द्यायला त्यांनी सेल्सच्या माणसाऐवजी डेव्हलपर पुढे केला, तर वेबसाइटचं टेंडर भरायला त्यांना जरूर सांगा.